तोडातोडीचा खेळ

द्रौपदी सोनकांबळे भांडखोर बाई आहे, हे कांजूरमार्गच्या त्या वस्तीत कुणीही सांगितलं असतं. नळावर भांडायची, रेशनच्या दुकानात भांडायची. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या मुलाखतीतसुद्धा भांडली होती. "सातवी पास आहात, मुलांना काय शिकवणार?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "चार वर्षांची पोरं हायती. त्यांना काय मॅट्रिकला बसवायचंय?" तरीही तिला घेतलं, कारण वस्तीतली पोरं तिच्या मागे मागे फिरायची.

सत्त्याऐंशी साली, उन्हाळा लागता लागता, वस्तीवर पालिकेची माणसं घरं तोडायला आली. ट्रक, पोलीस, हातात पहारी घेतलेली माणसं. दुपारपर्यंत रस्त्याकडची सगळी घरं आडवी झाली. लोकांनी मोडके पत्रे, बांबू गोळा करून पुन्हा घरं उभी केली. बालवाडीची खोली मागच्या अंगाला होती, ती वाचली.

घरं उभी राहिली, पण पोरं बिघडली. कुणी झोपेत ओरडायचं, कुणी आईचा पदर सोडेना. सगळ्यात वाईट शकुचं झालं. वस्तीतल्याच प्रेमाची ही थोरली लेक, साडेचार वर्षांची. आधी तोंडाचा पट्टा चालायचा, आता जेवणाची थाळी पोटाशी धरून दारात बसून राहायची. कुणी थाळी घ्यायला गेलं की किंचाळायची. रस्त्यावरून खडीचे ट्रक दिवसभर जायचे, आणि प्रत्येक ट्रकला ती जागच्या जागी ओली व्हायची.

दर गुरुवारी मुलुंडहून बालवाडीत सुहासिनीताई यायच्या. लहान मुलांच्या मनाचं शिक्षण घेतलेल्या, स्वभावाने मऊ. त्यांनी शकुला पाहिलं आणि म्हणाल्या, "द्रौपदीताई, मोठी माणसं मनातलं बोलून टाकतात. हिच्याकडे तेवढे शब्द नाहीत. ही खेळून काढेल. आपण जागा द्यायची आणि शेजारी बसायचं. काय खेळायचं ते तिनं ठरवायचं. ती जे करतेय ते साध्या शब्दांत बोलायचं. शिकवायचं नाही, टोकायचं नाही."

"म्हंजे मी गप बसायचं? ताई, ते मला कसं जमायचं?"

पण जमवलं. कोपऱ्यात वाळू पसरली, काड्यापेट्या, रिकामे डबे, चिंध्या ठेवल्या. द्रौपदीच्या नवऱ्याने, कुंडलिकने, खोक्याच्या फळ्यांचा एक ट्रक करून दिला. चाकं म्हणून बाटल्यांची झाकणं.

शकु थाळी घेऊन आली आणि ट्रककडे नुसती बघत बसली. मग एके दिवशी तिने तो वाळूत पुरला आणि वर थाळी पालथी घातली. द्रौपदी म्हणाली, "ट्रक दडपून टाकला. आता त्याला हलता येत नाय." शकुने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवून पाहिलं. पुढे कितीतरी दिवस रोज तेच. ट्रक पुरायचा, वर बसायचं. द्रौपदीला कंटाळा यायचा, तरी ती बसून राहायची.

मग ट्रक बाहेर आला. शकुने काड्यापेट्यांची घरं मांडली आणि ट्रकने उडवली. पुन्हा मांडली, पुन्हा उडवली. बाकीची पोरंही जमली. एक दिवस शकु कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जाड आवाजात ओरडली, "ए! सामान काढा! चला!" मग हळूच द्रौपदीला म्हणाली, "बाई, तू माझी आई हो. तू रड."

द्रौपदीने हात जोडले. "साहेब, थांबा ओ. पोरगं आत झोपलंय."

"नाय थांबणार!"

घरं तोडली त्या दिवशी प्रेमाने हेच शब्द म्हटले होते. शकुचा तान्हा भाऊ खरंच आत झोपला होता. तरी द्रौपदीने पुन्हा हात जोडले, कारण शकुला ते पुन्हा हवं होतं.

नेमकी तेव्हाच प्रेमा दारात आली. लेकीच्या तोंडून तो आवाज ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी तिचे सासरे, राजाराम, चार माणसं घेऊन बालवाडीसमोर उभे राहिले. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा आणि माणूस खोटा नव्हता.

"शिका म्हणून सांगून गेले बाबासाहेब," ते म्हणाले. "आम्ही पोरं शिकायला पाठवली. तू त्यांना घरं मोडायला लावतेस? आपलीच घरं?"

"मामा, मी नाय लावत. ती आपल्या मनानं मोडतात."

"मग थांबव. अ आ इ ई घे, गाणी घे. तो ट्रक चुलीत घाल."

"चुलीत नाय घालणार."

"लई झालं तुझं!"

"तुमची नात ट्रक बघून मुततीय मामा, अ आ इ ई बघून नाय!"

लोक हसले, आणि ते हसणंच महागात पडलं. राजारामांनी संस्थेकडे तक्रार नेली. संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला: असला खेळ बंद करा, स्नेहसंमेलनाची गाणी बसवा. सुहासिनीताई तिकडे जाऊन बोलल्या, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. द्रौपदीने बालवाडीची किल्ली नेऊन कार्यालयातल्या टेबलावर ठेवली. "गाणी बसवायला दुसरी बघा. मी माझ्या दारात बसते. दाराला तुमचं कुलूप नाय."

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात वाळू आली, ट्रक आला, पोरं आली. शकु आली नाही. आजोबांनी तिला घरात ठेवली होती. ती पुन्हा थाळी घेऊन बसली आणि जेवेनाशी झाली.

आठवडाही गेला नसेल, भर दुपारी प्रेमा लेकीला कडेवर घेऊन आली. तिने शकुला वाळूत उतरवलं.

"मामा ओरडतील," द्रौपदी म्हणाली.

"ओरडू दे. सासऱ्याचं मी बघून घेईन. पोर माझीये." आणि तीही फतकल मारून बसली. "तुम्ही काय करता ते मला पण दाखवा."

त्या दिवसापासून रडणारी आई प्रेमा झाली. खऱ्या आईला रडवून, मग तिचे डोळे पुसायला शकुला फार आवडायचं. आणि असंच एकदा, कुणी काही सुचवलं नसताना, तिने खेळ फिरवला. द्रौपदीला म्हणाली, "तू ट्रक."

द्रौपदी गुडघ्यांवर आली. घुर्रर्र करत पुढे सरकली. शकु मध्ये उभी राहिली, हात पसरून.

"हितं घर हाय! मागं घे!"

द्रौपदी थांबली.

"मागं घे म्हटलं ना!"

ती घुरघुरत उलटी सरकत थेट गटारापर्यंत गेली. पोरांनी नुसता कल्ला केला. थाळी वाळूत पडली होती. शकु ती न उचलताच घरी गेली.

पुढच्या जूनमध्ये शकु शाळेत गेली. ट्रक जोरात गेला की अजून दचकायची, पण चड्डी कोरडी राहायची. "वय वाढलं, झाली बरी," असं राजाराम शेवटपर्यंत म्हणत राहिले. द्रौपदीने त्यावरून वाद घातला नाही, ही वस्तीला नवल वाटावी अशी एकच गोष्ट.

एकोणनव्वद साली पुन्हा तोडायला आले. सामान बाहेर काढल्यावर बाया घरांसमोर आडव्या बसल्या. द्रौपदीने पोरांना गोळा करून रस्त्यापलीकडे नेलं आणि तिथे धुळीतच घरं मांडली. इकडे खरे पत्रे पडत होते, तिकडे पोरं घसा ताणून ओरडत होती, "मागं घे! मागं घे!" शकु सगळ्यांत मोठी, तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

तोडणाऱ्यांचा साहेब रस्ता ओलांडून आला. "बाई, हे काय चालवलंय?"

"खेळ चाललाय," द्रौपदी म्हणाली. "तुमचं काम तुम्ही करा. आमचं आम्हाला करू द्या."

एका पोराने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो त्यांच्या घरावर उभा होता. तो बाजूला झाला.

खरी घरं त्या दिवशी पडलीच. संध्याकाळी प्रेमा आणि कुंडलिक बांबू रोवत होते, आणि शकु भावाला मांडीवर घेऊन आपल्या थाळीतला भात भरवत होती.