रागिणीचा ण

शांताराम भोईर यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. हे वाक्य त्यांचं स्वतःचंच. सोसायटीच्या कट्ट्यावर नवा माणूस भेटला की ते आपली ओळख अशीच करून देत आणि समोरचा दचकला की खूश होत. मग खुलासा करत, की गिरगावातल्या एका छापखान्यात ते तेहतीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या अशुद्ध अक्षरांवर लाल शाईने खुणा करायच्या. लग्नपत्रिकांपासून जाडजूड अहवालांपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लाल पेन खिशात असे. तुळिंजच्या बाजारात एखाद्या पाटीवर ‘ताजि भाजी’ दिसलं की त्यांचा हात शिवशिवायला लागे.

पण ही झाली अर्धी ओळख. उरलेली अर्धी ते कट्ट्यावर सांगत नसत. शांतारामभाऊंचा जन्म खाडीकाठच्या, मिठागरांच्या गावातला. तिथे सगळे पानी प्यायचे आणि लोनी खायचे. छापखान्यातल्या पहिल्याच आठवड्यात दारावर टकटक झाली आणि त्यांनी आतून ‘कोन आहे?’ असं विचारलं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी सगळी मंडळी ‘काटकोन आहे, काटकोन!’ म्हणून पोट धरधरून हसली. त्या दिवशी शांतारामभाऊंनी ण जो धरला, तो सोडला नाही. रोज आरशासमोर उभं राहून ‘कोण, बाण, लोणी’ असं घोकलं. इतकं घोकलं, की पुढेपुढे जिथे साधा न असायचा तिथेही त्यांच्या तोंडून ण जाऊ लागला. कागदावर त्यांची कधी चूक झाली नाही, पण बोलताना घाई झाली की ते ‘मणुष्य’ म्हणत, ‘वणस्पती’ म्हणत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? शुद्ध बोलणारा माणूस म्हणून सगळ्यांना त्यांचा धाक!

बायको त्यांनी गावातलीच केली. प्रेमलता मिठागरावरच्या मुकादमाची मुलगी, गोरीगोमटी आणि अखंड बोलणारी. लग्नानंतर पहिल्याच सकाळी ती म्हणाली, “पानी तापलंय.” शांतारामभाऊ म्हणाले, “पाणी.” ती हसली. तिला वाटलं, नवरा चेष्टा करतोय. ती चेष्टा पुढे छत्तीस वर्षं चालली. आधी प्रेमलताबाईंनी वाक्यं आखूड केली. मग ज्या शब्दांत ण येतो ते शब्दच टाळायला सुरुवात केली. पाणी तापलं की ‘बादली भरलीय’, जेवण झालं की ‘ताट वाढलंय’. असं करत करत गाडी ‘हं’वर येऊन थांबली. ‘हं’मध्ये चूक काढायला कुठे जागाच नसते.

मुलगी रिद्धी घरात होती तोवर हे जाणवलं नाही. ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. गेल्या वर्षी ती लग्न होऊन नाशिकला गेली आणि दोन खोल्यांचं घर एकदम गप्प झालं. बरं, बाईंची वाचा बसली होती म्हणावं तर तसंही नाही. जवळच्या गिरीज गावची आल्बिना एक दिवसाआड केळी आणि वाडीची भाजी घेऊन जिन्यात यायची. ती तिच्या बोलीत, बाई आपल्या बोलीत, तास तास गप्पा रंगायच्या. मधूनच प्रेमलताबाई खो खो हसायच्या. शांतारामभाऊ दाराआड उभे राहून ऐकायचे. सहज आल्यासारखं करून त्यांनी दार उघडलं, की जिन्यातलं बोलणं बंद. आल्बिना उगाच केळी मोजायला लागे. शाळेत मास्तर वर्गात आला की व्हायचं तसं. असा मास्तर आपण आपल्याच घरात झालो, हे शांतारामभाऊंना कळत होतं आणि ते मनाला लागतही होतं. प्रेमलता आपल्याशी पुन्हा तशी बोलावी, एवढीच एक इच्छा त्यांना आता उरली होती. पण ती बोलून दाखवायची कशी, हे काही तेहतीस वर्षांच्या नोकरीत शिकवलं नव्हतं.

अशा वेळी बाजारातल्या धवलच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानाबाहेर एक फलक लागला. बोलणारा स्पीकर, नाव रागिणी, साडेचार हजारांचा सतराशेला. फक्त रविवारपर्यंत. फलकावर ‘भव्य सुट’ असं ऱ्हस्व लिहिलेलं पाहूनही शांतारामभाऊ तिथे थांबले, यावरून काय ते समजावं.

तीन दिवस त्यांनी विचार केला. विचार कसला, स्वतःशीच वकिली. बातम्या सांगेल. पण बातम्या टीव्हीही सांगतो. गोळ्यांची वेळ सांगेल. पण गोळ्या प्रेमलता न बोलता हातावर ठेवतेच. दिवे लावील. त्यासाठी दिवेही वेगळे घ्यावे लागतात, हे रिद्धीने फोनवर सांगितलं. “बाबा, नक्की कशाला हवाय तुम्हाला तो?” तिने विचारलं. “घरात जरा आवाज राहील,” ते म्हणाले. मग घाईघाईने ‘तुझ्या आईला’ असं जोडलं. खरं कारण हेच होतं. बाई निदान त्या डब्याशी बोलतील, तेवढंच आपल्या कानावर पडेल. बायकोशी स्वतः बोलायच्या ऐवजी माणूस सतराशे रुपयांचा डबा मधे घालायला निघाला होता. आपल्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटून गेलं. तरी रविवारी सकाळी प्रेमलताबाईंना म्हणाले, “चल जरा, एक वस्तू बघायची आहे.”

“हं,” बाई म्हणाल्या.

धवलने दोघांना स्टुलं दिली. तो बापाच्या वेळचं मिक्सर-पंख्याचं दुकान आता नव्या वस्तूंनी चालवत होता. “काका, एकदम मस्त चीज आहे. हिंदी-इंग्लिश फर्स्ट क्लास समजते. मराठी पण थोडं थोडं. फक्त पहिलं नाव घ्यायचं. मग निळी लाइट लागते, मग ऑर्डर द्यायची.”

नारळाएवढा गोल डबा काउंटरवर बसला होता. शांतारामभाऊंनी शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात हाक मारली.

“रागिणी!”

डबा गप्प.

“रागिणी!” आता त्यांनी ण असा दाबून म्हटला, की जीभ टाळूला चिकटायची राहिली. शेजारी इस्त्री बघत असलेलं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. डब्याला काही फरक पडला नाही.

“काका, रागिनी बोला, रागिनी,” धवल म्हणाला.

“रागिनी चूक आहे. शब्द रागिणी आहे.”

“बरोबर असेल काका. पण कंपनीने हिंदीत शिकवलंय तिला.”

शांतारामभाऊंनी आणखी तीनदा हाक मारली. तीनही वेळा शुद्ध. एका डब्यासाठी तेहतीस वर्षांची सेवा मातीत घालायला ते तयार नव्हते. शेवटी धवलने कंटाळून म्हटलं, “काकी, तुम्ही ट्राय करा.”

प्रेमलताबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. मग हळूच म्हणाल्या, “रागिनी?”

डब्याभोवती निळा दिवा झर्रकन फिरला.

दिवा विझायच्या आत आपणही काहीतरी करून दाखवावं म्हणून शांतारामभाऊ पुढे सरसावले, आणि त्या घाईत ओरडले, “भजण लाव!”

“माफ कीजिए, मैं समझी नहीं,” डबा म्हणाला.

“भजण! भजण लाव!”

“अहो,” प्रेमलताबाई अगदी सहज म्हणाल्या, “भजन म्हनतात. भजण नाय.”

शांतारामभाऊंचे कान तापले. भजण? आपण भजण म्हटलं? त्यांनी मनात शब्द लिहून पाहिला. कागदावर तो बरोबर उमटत होता, तोंडात मात्र चुकीचा बसला होता, आणि कोण जाणे किती वर्षं बसला होता. इस्त्रीवाल्या गिऱ्हाइकाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना दिसले. अशा वेळी माणसाने रागवावं की रडावं? शांतारामभाऊंना हसू आलं. ‘काटकोन’ म्हणून छापखाना हसला होता, त्याच सुरातलं हसू. या वेळी हसणाऱ्यांत तेही होते एवढंच.

इकडे प्रेमलताबाईंना मात्र सूर सापडला होता. “रागिनी, भजन लाव,” म्हणाल्या आणि टाळमृदंग वाजायला लागला. दोन कडवी ऐकून त्यांनी ते बंद करायला सांगितलं. मग स्टूल पुढे ओढून घेतलं.

“रागिनी, कोन गं तू? कुठली?”

डब्याने हिंदीत काहीतरी लांबलचक सांगितलं.

“जेवन झालं का तुजं? नाय? मंग या डब्यात बसून करतेस काय दिवसभर? मना बघ, सकाळपासून दोनदा पानी भरलं, कपडे धुतले…” आणि बाई ज्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. नळाला येणारं गढूळ पाणी झालं, दुसऱ्या मजल्यावरची भांडणं झाली, रिद्धीच्या सासूचे गुडघे झाले. रागिणी मधेमधे ‘मैं समझी नहीं’ म्हणत होती, आणि बाई तिला ‘जाऊं दे गो, ऐक तर’ म्हणून पुढे जात होत्या. शांतारामभाऊ बाजूला बसून ऐकत होते. छत्तीस वर्षांपूर्वीची ती अखंड बोलणारी मुलगी कुठे गेली नव्हती. जिन्यात होती, नळावर होती, आता या दुकानात होती. फक्त त्यांच्यासमोर येत नव्हती.

“काका, पॅक करू?” धवलने विचारलं. “काकींना तर लई आवडली.”

“घेऊ या ना?” शांतारामभाऊ बायकोला म्हणाले. “तुला बोलायला सोबत होईल.”

“मना?” बाई चकित होऊन म्हणाल्या. “मना बोलायला ढीगभर मानसा हायत. ह्या डब्याला तर काय कळत बी नाय.”

“मग इतकं बोललीस कशी त्याच्याशी? घरी तर…” त्यांनी खिशातलं लाल पेन चाचपलं. मग वाक्य पुरं केलं. “घरी माझ्याशी का नाही बोलत?”

प्रेमलताबाईंनी पदर सारखा केला. रागाने नाही, ‘भाजी कितीला?’ विचारतात तशा सुरात त्या म्हणाल्या, “तुमी ऐकता कुठं? तुमी तपासता.”

शांतारामभाऊंनी धवलला नको म्हणून सांगितलं. धवलने आणखी शंभर रुपये कमी करून पाहिले. ते ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाले आणि दोघं बाहेर पडली.

चालत चालत ती भर बाजारात आली. मग शांतारामभाऊंनी विचारलं, “परवा आल्बिना काय सांगत होती? एवढी हसत होतीस ती.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तिच्या जावयाचं व्हय?” त्या बिचकत म्हणाल्या. “तो पहिल्यांदा जेवायला आलेला. पाहुना म्हनून हिनं…” इथे त्या थांबल्या. सवयीने थांबल्या. प्रत्येक अशा शब्दानंतर त्या दुरुस्तीची वाट पाहायच्या, हे शांतारामभाऊंच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. ते गप्प राहिले.

“बरं वाटत नाय का तुमाला?”

“बरं आहे. तू सांग.”

“तर पाहुना म्हनून हिनं काय नको ते केलं. आनि त्याला काय हवं? नुसतं लोनचं…”

“लोणचं,” शांतारामभाऊ म्हणाले.

तोंडातून गेलंच. बाई मिटल्या. पुढची दहा-पंधरा पावलं दोघं तशीच चालली. शांतारामभाऊंना स्वतःची इतकी चीड आली, की भर बाजारात आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी. ते थांबले.

“चुकलो,” ते म्हणाले.

प्रेमलताबाईही थांबल्या. हा शब्द त्यांनी या तोंडातून कधी ऐकला नव्हता. “काय म्हनालात?”

“चुकलो. माझं चुकलं. खूप वर्षं चुकलं. आता सांग पुढे.”

बाईंनी मान वळवली, नाक पुसलं, आणि मग त्यांचा हात धरून त्यांना रिक्षेच्या वाटेतून बाजूला घेतलं.

“तर काय सांगत होते? हां. लोनच्याची बरनी,” त्या म्हणाल्या, “ती निघाली रिकामी. आनि जावई ताटावर बसलेला…”

शांतारामभाऊ ऐकत होते.