सगळे डावेच पाय

मास्तर गेले त्याला आठ दिवस झाले, आणि आठ दिवस मी हे लिहायचं टाळतोय.

रोज सायबर कॅफेत येतो, क्रिकेटचा स्कोअर बघतो, निघून जातो.

आज लिहितो.

मास्तर म्हणजे कॅम्प तीनच्या जीन्स कारखान्यातले आमचे कटिंग मास्तर. राहायला बदलापूर गावात.

त्यांच्या टेबलामागे खिळ्याला एक जीन्स टांगलेली. दोन्ही पाय डावे.

"कोणाचं काम हे, मास्तर?"

"माझं. घालून बघ, गोल गोल फिरशील."

त्यांचा नियम एकच. चूक स्वतः येऊन सांगितली की आधी चहा, मग शिव्या. शेठला काय सांगायचं ते मास्तर बघणार.

म्हणून आम्ही सांगायचो. अगदी मीपण.

त्या दिवशी मास्तर सुट्टीवर होते.

टेबलावर कापडाचे साठ थर. वर फर्मा, म्हणजे पायाचा पुठ्ठ्याचा साचा, ठेवून खडूने आखायचं. डावा पाय झाला की फर्मा पालथा घालून उजवा.

समोरच्या दुकानात भांडण लागलेलं. मी तिकडे बघत आखलं. फर्मा पालथा घातलाच नाही.

मशीन फिरली. एकशेवीस पाय. सगळे डावे.

शेठ ओरडत आला, "किसने किया? अभी के अभी घर जाएगा!"

मी हातातला खडू खिशात टाकला.

टेबल माझ्यासोबत कटिंग करणाऱ्या दिनेशचं होतं. तो झिपा आणायला गेला म्हणून मी आखलं होतं. तो परत आला आणि शेठने त्यालाच काढला.

"शेठ, माँ कसम, मैं नहीं."

त्याची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खडूच्या रेघा नीट पाहिल्या. माझ्यासमोर चहा ठेवला आणि उभे राहिले.

मी चहा प्यायलो.

"अजून घेतोस?"

"नको."

एक चूक सांगता आली असती. रात्रीत तिच्या दोन झाल्या होत्या. दुसरीसाठी चहा पुरेना.

महिन्याभरात काम सोडलं. कुरिअर, केबल, अंबरनाथची कंपनी. कुठेच टिकलो नाही. कोणी प्रेमाने चहा पुढे केला की कप तसाच ठेवून उठतो.

आता ऐकून घेणारा माणूसच गेला. तरी सांगतो.

मास्तर, मी आखलं होतं. दिनेशने नाही.

तुम्हाला माहीत होतं ना?

जय भीम मास्तर. निवांत झोपा.

थांबा.

दिनेश आत आलाय. एवढ्या वर्षांनी. पोरगी बोटाला धरून.

मला बघून हसला.

बाजूची खुर्ची ओढतोय.