नातीची माटोळी

माझी नात इंग्लंडात चौथीत आहे. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेला. गोदामाच्या कामातून त्याला बोलायला सवड नसते, पण ही शाळेतून आली की फोनवर हजर. आज डब्यात चीज घातलेला पाव होता. थंडीत चार वाजताच काळोख पडतो. मैत्रिणीकडे खेळायला जायचं तर दोघींच्या आयांनी आधी दिवस ठरवायचा. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. इथे गोव्यात, आमच्या पेडण्यात पोरं न विचारता कुणाच्याही घरात शिरतात आणि पेज जेवून येतात.

ती गणेशचवथीला घरी यावी म्हणून मी तिला माटोळीची ओढ लावली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधतात, ती माटोळी. गुडघे कुरकुरत असतानाही रोज फोन घेऊन डोंगरावर जायचो. ही लाल कवंडळं बघ, हा सुपारीचा घोस बघ. वर दडपून सांगितलं, की विकतचं चालत नाही, घराजवळच्या रानातलंच लागतं आणि ते पोरांनीच तोडायचं. अहो, आता अर्धी माटोळी आम्हीच बाजारातून आणतो! पण पोरगी हट्टाला पेटेल आणि बापाला घेऊन येईल, असा माझा हिशेब.

चवथीच्या चार दिवस आधी मुलाने कळवलं, रजा नाही, हिची शाळाही त्याच आठवड्यात उघडते. मी त्याला नाही नाही ते बोललो. दोन दिवस धड जेवलो नाही.

चवथीला आरती आटोपली आणि तिचा फोन आला. त्यांच्या स्वयंपाकघरात छोटा गणपती, वर बापाने ठोकलेली चौकट. तिला घरामागच्या वाटेवरची आंबट हिरवी सफरचंदं आणि करवंदांसारखी काळी फळं बांधलेली. सगळं हिनेच तोडलेलं, हातांवर काट्यांचे ओरखडे. तिचं तोंड आनंदाने नुसतं फुललं होतं.

"आजो, आमच्या रानातपण सगळं मिळतं," ती म्हणाली. "आता चवथीला आम्हांला कुठे जायला नको."

"शाबास गो बाय," मी म्हटलं आणि फोन बायकोच्या हातात दिला. मला माटोळी कुठे हवी होती? मला ती हवी होती.