एका नंबरवर एकच मागणी

कापसाला पहिलं फूल यायच्या आत सापळे शेतात उभे राहिले पाहिजेत. नंतर लावले काय अन् न लावले काय, सारखंच. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, मी जानेफळची, कापसातच वाढलेली. बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, आता बोंडअळीचं नाव काढायचं नाही. काही वर्षं खरंच काढावं लागलं नाही. मग गुलाबी अळी आली, ती थेट बोंडाच्या आतच. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सगळं कोरलेलं. फवारून फवारून माणसं थकली. मग हे पिवळे कामगंध सापळे आले. मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात पडतो, पुढची अंडीच होत नाहीत.

ते सापळे फोनवरून विकणारी आमची कंपनी पुण्याची. मी तिच्या खामगावच्या एका खोलीत बसून मागणीचा फॉर्म सांभाळायची. फॉर्म उघडणारे ढीगभर होते, शेवटचं बटण दाबणारे मूठभर. पुण्याच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "पोळ्यापर्यंत आकडा वर गेला नाही, तर खामगावची खोली बंद." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिना. खुर्चीत बसवेना, चहा गार व्हायचा, आणि दर पाच मिनिटांनी मी तो आलेख पुन्हा उघडून बघायची.

फॉर्म कोणी बनवला होता देव जाणे! त्यात फ्लॅट क्रमांक विचारला होता. लोक बिचारे तिथं शेताचा गट नंबर लिहायचे. 'जवळची खूण' या चौकटीत एकानं लिहिलं होतं, "गावात आल्यावर कोणालेही इचारा." मी हसले, आणि मग चिडले. फ्लॅट काढला, ईमेल काढला, पिनकोड गावाच्या नावावरून आपोआप येईल असं केलं. 'चेकआउट' लिहिलेल्या बटणावर 'मागणी पक्की करा' असं लिहिलं. निम्म्या लोकांना जुना फॉर्म, निम्म्यांना नवा, दोन्ही एकाच वेळी चालू. कशावर जास्त मागण्या पुऱ्या होतात ते बघायचं, एवढीच ती चाचणी. नवा फॉर्म पुढं जाऊ लागला. पण जरासाच.

त्यात एक घोळ निघाला. एकाच मोबाइल नंबरवरून कितीतरी मागण्या, आणि त्याहून जास्त अर्धवट सोडलेले फॉर्म. नावं वेगवेगळी, नंबर एक. आमच्या यादीत नाव, गाव, नंबर सगळं झाकलेलं असायचं, नुसत्या फुल्यांच्या रांगा; तेच की वेगळं, एवढंच यंत्र सांगायचं. साहेब म्हणाले, "कुणीतरी खोडसाळपणा करतंय. सगळी चाचणी नासली." मलाही तेच वाटलं. वाटलं म्हणजे काय, वाटून घेतलं! आकडा वर जायला हवा होता ना. मी नियम टाकला, एका नंबरवर एकच मागणी. पहिली राहील, बाकीच्या रद्द, अर्धवट फॉर्म मोजणीतून बाद. पुन्हा कोणी प्रयत्न केला तर दिसायला लाल अक्षरांतलं एक वाक्य हवं होतं. त्याचेही मी तीन नमुने करून पाहिले. "हा नंबर आधीच वापरला आहे. कृपया स्वतःचा नंबर द्या." हा तिसरा निवडला, कारण तो वाचून लोक तक्रार न करता निघून जात होते.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला.

"काय व, तुमचा माल किती दिवसात येते?"

"पाच-सात दिवसांत येतो. आई, मी कामात आहे गं."

"बरं बाई, कर काम," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी तेव्हा आलेखाकडे बघत होते. अर्धवट फॉर्म गेल्यामुळे रेघ वर चढली होती. साहेबांचा शाबासकीचा निरोप आला. तरी माझी तगमग काही जाईना. का, ते कळत नव्हतं. पोळ्याला मी मेहकरची एसटी पकडून जानेफळला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर शेतात गेले आणि बांधावरच थांबले. कापूस फुलावर आलेला, आणि सापळा एकही नाही. जवळ जाऊन पाहिलं तर काही फुलं उमललीच नव्हती, पाकळ्या मिटून पीळ घातल्यासारख्या. डोमकळ्या. आत अळी असली की फूल असं होतं. बोटानं एक उकलली, आत होतीच.

"आई, सापळे काऊन नाही लावले?" खामगावात जपलेली माझी शुद्ध भाषा बांधावरच गळून पडली.

"मागवले होते व! तुह्याच कंपनीचे. आपल्या गल्लीतल्या साऱ्यायनं मागवले. एका घरचे आले, बाकी कोणाचे आलेच नाई."

"मले काऊन नाही सांगतलं मग?"

"तुले कायले सांगू? पोरीच्या वशिल्यानं घेतले म्हणतीन लोक. म्हटलं, आपण गिऱ्हाईक होऊन घेऊ." मग म्हणाली, "माह्या साध्या फोनात फॉर्म उघडत नाई, चाचांच्या फोनवरून केलं सारं."

चाचांच्या फोनवरून! स्टँडजवळचं चाचांचं दुकान आधी एसटीडी बूथ होतं, आता मोबाइल दुरुस्तीचं. आमच्या गल्लीत कागद कुठलाही असो, फोन नंबराच्या जागी चाचांचा नंबर. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर तोच होता. मला पहिली नोकरी लागल्याचा फोनही तिथंच आला होता, आणि चाचा दुकान उघडं टाकून आमच्या दारापर्यंत पळत आले होते. हे मला पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट मी विसरले, बाप्पा!

तडक दुकानात गेलो. दोन बायका बाकावर बसल्या होत्या. चाचा म्हणाले, "आओ बेटा! बरं झालं तू आली. पाह्य ना जरा, मले जमून नाई राह्यलं. लाइट जाते, नेट जाते, फॉर्म अर्धाच राह्यते. पुन्हा पुन्हा भरला, त आता हे घेतच नाई."

त्यांचा फोन घेऊन मी आईचं नाव टाकलं, गाव टाकलं, 'मागणी पक्की करा' दाबलं. लाल अक्षरं आली.

"काय लिहिलं हाये?" बाकावरच्या बाईनं विचारलं.

चाचांनी फोनकडे पाहिलंही नाही. त्यांना ते तोंडपाठ झालं होतं. "हा नंबर आधीच वापरला आहे, कृपया स्वतःचा नंबर द्या," त्यांनी म्हणून दाखवलं. "बेटा, बाकी फॉर्म त मस्त हाये. आपल्याच माणसानं बनवल्यासारखा. हे येवढं कोण लिहितं?"

"फॉर्म तिनंच बनवला, भाऊ," आई बायकांकडे बघत म्हणाली. केवढ्या अभिमानानं म्हणाली!

"हे पण मीच लिहिलं, चाचा," मी म्हटलं.

चाचा चष्मा पुसत राहिले. आईनं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"मंग मिटव," एवढंच ती म्हणाली.

त्याच दुपारी मी खामगावला परतले. नियम काढला, वाक्य काढलं, रद्द झालेल्या सगळ्या मागण्या पुन्हा चालू केल्या. आकडा घसरला, साहेबांचे फोनावर फोन आले, ते मी घेतले नाहीत. खोली बंद होते की राहते, याची भीतीच वाटेनाशी झाली. जीव सगळा त्या खोक्यांत अडकला होता.

खोकी चाचांच्या दुकानात पोचली, तेव्हा पोळा होऊन आठ दिवस उलटले होते. मी आईला फोन केला, "आता राहू दे, आई. उशीर झाला. काही उपयोग नाही त्याचा."

"तुह्या कंपनीचे हायेत," आई म्हणाली. "घरात ठेवून काय करू?"

तिनं एकूण एक सापळा लावला, माप टाकून, सरळ ओळीत. तोवर शेत पुरतं फुलून गेलं होतं.