चांगगुईचा स्वच्छ डोंगर

आमच्या खोऱ्यात दू चांगगुईइतका कामसू माणूस झाला नाही, आणि त्याच्या कामाने जितकं वाटोळं केलं तितकं गावातल्या सगळ्या आळशांना मिळूनही जमलं नसतं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे लिहायलाही हरकत नाही. आम्ही जन्माचे शेजारी. माझं टोफूचं दुकान त्याच्या अंगणाला लागून आहे, आणि त्याच्या झाडूची धूळ आयुष्यभर माझ्या सोयाबीनवर बसत आली आहे.

लहानपणी त्याच्या घरात पांडा शिरला होता. आम्ही तेव्हा फुलअस्वल म्हणायचो. बर्फाचे दिवस होते. जनावर घरामागच्या जंगलातून उतरलं, चुलीवरची लोखंडी कढई त्याने चाटूनपुसून लख्ख केली, झाकण फोडलं आणि आलं तसं निघून गेलं. चांगगुई आईच्या पाठीमागे लपून बघत होता. आई म्हणाली, "पाहुणा आहे, हाकलू नकोस." ही गोष्ट त्याने मला इतक्यांदा ऐकवली आहे की कुणी विचारलं तर मीही तिथे होते असं सांगेन.

मोठा झाल्यावर तो तोडकामाला लागला. लाकूड हवं होतं, आणि चांगगुईला काम हवं होतं. घरामागचा अख्खा डोंगर त्याच्या टोळीने बोडका केला. त्याबद्दल सरकारकडून बक्षिसाचा लाल झेंडा मिळाला. तो त्याने भिंतीवर लावला. पुढे खाली मैदानात मोठा पूर आला, तोडबंदीचा हुकूम सुटला, आणि उतारावरचा मका सोडून झाडं लावा असं सांगण्यात आलं. सगळ्यांनी कुरकुरत लावली. चांगगुईने मात्र कवायतीला पोरं उभी करावीत तशी लार्च या उंच सरळ झाडाची रोपं रांगेत लावली. दुसरा लाल झेंडा मिळाला. तो पहिल्याच्या शेजारी लागला, आणि दोन्ही झेंड्यांखाली बसून हा गृहस्थ निवांत चहा पिऊ लागला.

पण त्याच्या मनात एकच गोष्ट होती. मरायच्या आधी त्या डोंगरावर फुलअस्वल परत यायला हवं. "मी घालवलं, मीच आणणार," असं तो म्हणायचा. आईची ती कढई त्याने झाडांच्या मधोमध एका दगडावर नेऊन ठेवली, आत त्याला चाटायला चिमूटभर मीठ.

आता पाहुणा यायचा तर घर झाडलेलं नको? दर पानगळीला गावच्या समितीचे लोक लागवड बघायला येतात. रोपांखालचं झुडूप काढलेलं असलं की शाबासकी मिळते. रोपं लहान होती तोवर ते ठीकच होतं. झाडं घराएवढी झाली, बाकीच्यांनी विळे खुंटीला टांगले, याने टांगला नाही. काही उगवलं की छाट. शेजारच्या उतारावरून बांबू सरकत यायचा, तो हद्दीवरच कापून चुलीत.

शेजारचा उतार त्याच्या मेव्हण्याचा, लाइफूचा. लाइफूने रोपं लावली ती रस्त्यावरून दिसतील तेवढीच. उरलेला वेळ माझ्या दुकानासमोर माहजोंगच्या सोंगट्यांचा डाव. त्याच्या उतारावर रानझाडं, काटे, बांबू, सगळं मनाला येईल तसं माजलं होतं.

"लाज वाटते का रे काही?" चांगगुई विचारायचा.

"दाजी, मी झाडांच्या कामात ढवळाढवळ करत नाही," लाइफू सोंगटी सरकवत म्हणायचा.

मग अभयारण्यातली छिन नावाची मुलगी आली. तिने दोन्ही उतारांवर झाडांना कॅमेरे बांधले. आकाशातून घेतलेला फोटोही तिने दाखवला. त्यात दोन्ही डोंगर सारखेच हिरवे. "माझा जरा जास्त आहे," चांगगुई म्हणाला.

वसंतात ती कॅमेऱ्यातले फोटो घेऊन माझ्या दुकानात आली. फुलअस्वल होतं. लाइफूच्या बांबूत पाय पसरून जेवत होतं. पुढच्या फोटोत ते हद्दीपाशी आलेलं, तोंड चांगगुईच्या झाडांकडे.

"आलं," चांगगुई म्हणाला. "बघतंय माझ्याकडं."

पुढच्या फोटोत त्याची पाठ होती.

"का गेलं?"

"आजोबा, तुमच्याकडं त्याला खायला काय आहे?" छिनने विचारलं.

"एवढं जंगल आहे की."

"वरून जंगल आहे. आत अंगण आहे."

लाइफूला राहवलं नाही. "दाजी, पाहुण्याला बोलावलंत, अंगण झाडलंत, कढई मांडलीत. जेवण तेवढं स्वतःच्या चुलीत घातलंत."

मी हसले. मग चांगगुईचं तोंड बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. "दरवर्षी," तो म्हणाला, "दरवर्षी मीच कापला."

संध्याकाळी तो विळा घेऊन माझ्याकडे आला. "हा ठेवून घे. मागितला तरी देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "वाट मोकळी करण्यापुरताच दे."

"चल, नीघ."

या माणसाने डोंगर तोडला, डोंगर लावला, पण रिकामं बसणं त्याला झेपेना. आम्ही त्याला माहजोंगला बसवलं तर तो सगळ्यांच्या सोंगट्या सरळ करत बसायचा. "आळस असा शिकून येत नाही दाजी," लाइफू म्हणायचा, "रक्तात असावा लागतो." समितीचे लोक आले, उतार बघून म्हणाले, म्हातारा थकला वाटतं. चांगगुईने मान खाली घालून ऐकून घेतलं.

बांबू हद्द ओलांडून आला, पण दाट सावलीत नुसता पिवळा पडला. मग एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मधली काही झाडं मोडली. त्या धक्क्याने चांगगुईने काही दिवस अंथरूण धरलं. मोडल्या जागी ऊन पोचलं आणि तिथे बांबू धावला. तो कुणी लावला नव्हता, म्हणून झेंड्याचा प्रश्नच नव्हता.

परवा छिनचा फोन आला की जाऊन बघा. तो एकटा जाईना, म्हणून मीही गेले. वर बांबू चावून टाकलेला, ताजी लीद पडलेली, आणि कढई दगडावरून ढकललेली, चिखलात उपडी.

चांगगुई वाकला. आयुष्यात त्याने उपडं भांडं पाहून सोडलेलं नाही. हात कढईपर्यंत गेला, थांबला. मग त्याने दोन्ही हात बाह्यांत घातले.

"राहू दे," तो म्हणाला, "त्यानं ठेवलीय."

आणि तिथेच उभा राहून म्हातारा रडला. कढई अजून तशीच आहे.