लावू का?

अंधारी खोली दिसली की माझा हात आधी बटणाकडे जातो. परवा लेकीला डबा द्यायला तिच्या प्रयोगशाळेत गेले, तिथेही तसाच गेला.

"आई, नको!" मनू ओरडली. तांबड्या, मिणमिणत्या उजेडात ती फॉइल गुंडाळलेल्या नळ्यांवर वाकली होती. पाखराने पिलांवर पंख धरावेत तशी.

मग तिने समजावलं. पेशीत आरएनए नावाच्या चिठ्ठ्या फिरत असतात आणि त्यांत असेल ते पेशी मुकाट्याने करते. इथल्यांनी त्या चिठ्ठीला एक रेणू जोडलाय. निळा उजेड पडला की तो आकार बदलतो आणि चिठ्ठी वाचली जाते. तोवर ती मुकी.

"पुढे यातून औषधं होतील गं. म्हणून दिवा लावण्याआधी इथे प्रत्येकजण विचारतो, 'लावू का?' आणि 'लाव' ऐकू येईपर्यंत थांबतो."

मी मान डोलावली, पण मनात आलं, देहाच्या इतक्या आतल्या चिठ्ठ्या, आणि त्या उघडायला एक किरण पुरे! उद्या ते बटण भलत्याच्या हाती गेलं तर? तो विचारेल का?

बाहेर आल्यावर, उन्हातही निळा उजेड असेलच म्हणून, मी पदर ओढून दंड झाकले. घरी पोचेस्तोवर तिन्हीसांजा झाल्या. सवयीने बटणावर बोट ठेवलं आणि तोंडातून निघालं, "लावू का?"

घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. 'लाव' म्हणणारं कुणी नव्हतं, आणि मला बटण दाबायचा धीर होईना.