नकाशावरचं पांढरं गाव

नागपूरच्या एका आरोग्य कार्यालयात मी आकडे भरायचं काम करते. गरोदर बायांमधला रक्तक्षय किती कमी व्हायला हवा, याचं उद्दिष्ट राज्यानं ठरवून दिलेलं आहे. ते गाठणारी गावं नकाशावर हिरवी, न गाठणारी लाल, माहितीच नसलेली पांढरी.

कुहीकडचं एक गाव दर महिन्याला लाल यायचं. साहेबांनी तिथल्या नर्सला कामचुकारपणाची नोटीस काढली आणि मला म्हणाले, "तिचं हिमोग्लोबिन तपासायचं मशीन बिघडलं असणार. नवीन घेऊन जा, पुन्हा तपासा."

मी एसटीनं गेले. उपकेंद्रात अकरा बाया बसल्या होत्या, बहुतेक धानाच्या रोवणीतून उठून आलेल्या. "बस वं, बोट दे," नर्स एकेकीला म्हणत होती. नव्या मशीनवरही आकडे तेच. नर्सनं एका कोवळ्या वयाच्या बाईची पापणी ओढून दाखवली, तर आत पांढरीफटक. तिला बोलतानाही धाप लागत होती.

"मशीन कायले बिघडन, मॅडम?" नर्सनं कपाटातून मागणीपत्रांच्या प्रती काढून माझ्या हातात दिल्या. "लोहाच्या गोळ्याच चार महिने झाले, आल्या नाही. लिहून लिहून थकली मी. खरं लिहिलं त मलेच काहून नोटीस?"

मी परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या आढावा बैठक आहे. सध्या 'माहिती उपलब्ध नाही' असं टाका."

मी नकार दिला. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून ते टाकून घेतलं.

बैठकीत पडद्यावर नकाशा आला. ते गाव पांढरं होतं. एकही गाव लाल नाही म्हणून टाळ्या वाजल्या आणि माझं डोकं सणकलं. ज्यांची बोटं काल माझ्यासमोर टोचली, त्या बाया गेल्या कुठे? मी उभी राहिले.

"माहिती आहे. माझ्या हातात आहे."

मी अकराही आकडे वाचले आणि मागणीपत्रंही दाखवली. वरून आलेल्या डॉक्टरबाईंनी कागद मागून घेतले. साहेब माझ्याकडे बघेनात.

गोळ्या आठवड्याभरात पोचल्या. त्या कोवळ्या बाईला नागपुरात आणून रक्त चढवावं लागलं, ती वाचली. नर्सची नोटीस मात्र अजून मागे घेतलेली नाही. मी दोनदा विचारलं. "प्रक्रियेत आहे," म्हणतात. नोटीस द्यायला एक दिवस पुरला होता.